जिओजेब्रा आणि तिघांत एक माऊस : भूमितीच्या तासांचा वर्षभराचा अनुभव

ऐरोलीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. जूनपासून भूमितीचे आठवड्यातले दोन तास कॉम्प्युटर लॅबमध्ये घेते आहे. पडद्यावर आकृती काढून ती ओढून-हलवून बघायचं सॉफ्टवेअर जिओजेब्रा, त्याचीही क्लासिक ५ ही आवृत्ती, कारण आमची मशीन जुनी आणि इंटरनेट असून नसल्यासारखं. पेनड्राइव्हवरून एकदा टाकलं की नेट लागत नाही आणि शाळेतल्या वापराला पैसेही पडत नाहीत. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात मास्टर्सच्या प्रबंधासाठी २००१ मध्ये यावर काम सुरू केलं. म्हणजे ते मुळात शिकवण्यासाठीच घडलेलं आहे, आणि वापरताना ते जाणवतं.

वर्गात पन्नास मुलं, चालू मशीन सतरा-अठरा. म्हणून तिघांचा गट, निव्वळ नाइलाजाने. आता मात्र उद्या कोणी प्रत्येकाला एकेक मशीन देतो म्हणालं तरी मी तिघांनाच बसवेन. एकटं मूल आकृती काढतं, रंग भरतं आणि ‘झालं बाई’ म्हणून मोकळं होतं. तिघं असली की बोलावं लागतं.

अर्थात नुसतं एकत्र बसवून भागत नाही. सुरुवातीला क्लासला जाणारा मुलगा माऊस बळकवायचा, दुसरा वहीत उतरवायचा आणि तिसरी खिडकीतून ठाणे-बेलापूर रोडची वाहतूक मोजायची. मग नियम केला : माऊस ज्याच्या हातात, त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. बाकीचे दोघं सांगतील तेवढंच करायचं, आणि दहा मिनिटांनी माऊस पुढे. हुशार मुलांना हे फार जाचतं. पण ‘हे इथून तिकडे ओढ ना’ म्हटलं की माऊसवाला मुद्दाम भलतंच ओढतो, आणि मग झक मारत ‘रेख एबीचा लंबदुभाजक काढ’ असं नीट म्हणावं लागतं. तोंडी परीक्षा यापेक्षा वेगळी काय असते?

सगळ्यात वसूल झालेला तास दहावीच्या ‘वर्तुळ’ प्रकरणाचा. जीवा एबी, वर्तुळावर बिंदू सी, कोन एसीबी मोजायचा आणि सी फिरवत राहायचं. एका गटात कोन ६२ अंश आला. सी कुठेही न्या, ६२च. पोरं कंटाळली. तेवढ्यात सी हा बी ओलांडून जीवेच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि आकडा एकदम ११८ झाला. ‘बाई, बिघडलं!’ मी काहीच बोलले नाही. शेजारच्या गटात ७५ चे १०५ झाले होते. दोन्ही गटांची आपसात कुजबुज झाली, मग एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘दोन्हींची बेरीज १८० येतेय.’ ए, बी आणि सीच्या दोन्ही बाजूंच्या जागा जोडल्या की चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेला, म्हणजे चक्रीय चौकोन होतो. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे प्रमेय मी फळ्यावर लिहिण्याआधीच वर्गात येऊन बसलं होतं.

हे जमायचं तर आधी थोडी तयारी लागते. कोन मोजताना बिंदूंवर क्लिक करायचा क्रम उलटा झाला की ६२ ऐवजी २९८ दिसतात. म्हणून कोनाच्या सेटिंगमध्ये ० ते १८० ठेवायचं. शिवाय सी खरोखर वर्तुळावर ठेवलाय की नुसता जवळपास, ते ओढून तपासायचं. जवळपास असेल तर तो वर्तुळ सोडून भटकतो.

आता खरी अडचण. महिन्या-दोन महिन्यांत प्रश्न येतोच : ‘दिसतंय की बाई, मग सिद्ध कशाला करायचं?’ याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. ते नववीच्या एका गटाच्या पडद्यावरच मिळालं. त्रिकोणाचे कोन ४७.३८, ६८.२५ आणि ६४.३६, बेरीज १७९.९९. एकाचं म्हणणं मशीन चुकतंय, दुसऱ्याचं की त्रिकोण नीट जुळलेला नाही. प्रत्येक कोन दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित होतो, त्यातून ही फट पडते. आम्ही स्थळं वाढवली. फट बारीक झाली, पण कुठल्या तरी त्रिकोणात शेवटच्या अंकाला पुन्हा दिसलीच. ‘किती स्थळं घेतली की नक्की १८० धरायचं?’ असं विचारणारा मुलगा एरवी गणिताच्या तासाला डबा कधी उघडायचा एवढंच बघतो. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून, व्युत्क्रम कोन घेऊन केलेल्या सिद्धतेत दशांशाचं नावही नाही, हे तेव्हा त्या तिघांना दिसलं. म्हणून हे दोन स्थळांचं मूळ सेटिंग मी आता मुद्दाम तसंच ठेवते.

तरी सिद्धता पटणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. पक्ष, साध्य, रचना, प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण, हे सगळं वर्गात, कागदावरच करून घ्यावं लागतं. बोर्डाच्या भाग २ च्या, म्हणजे भूमितीच्या, ४० गुणांच्या पेपरात माऊस नसतो. भौमितिक रचनांना तर लॅब थोडी मारकच ठरली. एका क्लिकवर लंबदुभाजक मिळायची सवय लागली की कंपास धरलेला हात डुगडुगतो. टूलबारमधून नको ती टूल काढून टाकता येतात. रचनेच्या तासाला मी फक्त बिंदू, रेषा आणि वर्तुळ ठेवते.

बीजगणितासाठी फार आशा धरू नका. दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आलेख स्लायडरने (आकडा कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) हलवून दाखवायला एक तास छान जातो. अंकगणित श्रेढीला किंवा अर्थनियोजनाला माझ्या मते खडू-फळाच बरा.

स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर जिओजेब्राचे धडे आहेत. ते रात्री घरी बघून घ्या, पोरांसमोर मेनू शोधत बसू नका. आणि मुख्याध्यापकांकडे पहिली मागणी जोडतासाची करा. एका तासात जिना चढून, मशीन सुरू होऊन, माऊसवरून भांडून होईस्तोवर घंटा होते. आमच्याकडे पीटीच्या सरांशी अदलाबदल करून जोडतास मिळाला. सर खूश आहेत, मुलं अजून माझ्यावर थोडी नाराज आहेत.