गाडी पायरीवरून ओळखावी

मला बस आणि रेल्वेचं वेड लहानपणापासून आहे. इतकी वर्षं मी गाडी जोखली ती इंजिनाच्या आवाजावरून, वेगावरून आणि खिडकीतून काय दिसतं त्यावरून. आता आई ब्याऐंशीची झाली, हातात काठी आली, आणि माझं मोजमाप बदललं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका शहरात बसमधून उतरताना ती पडली. शेवटची पायरी आणि रस्ता यांत दीड फुटाचं अंतर होतं. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर तिने "बस नको, रिक्षा कर" असंच धरलं. परवा मुंबईत तिला मरोळहून गिरगावात नेलं, ते नव्या भुयारी मेट्रोने, आणि तिथून पुढे डबल डेकरने. त्या दिवसाचं हे परीक्षण.

आधी मेट्रो ३. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, त्यातलं आरे तेवढं जमिनीवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) टप्पा सुरू झाला, मे २०२५ मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडला पोचली. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की मरोळ नाक्याला बसलं की गिरगावात उतरायचं, मध्ये बदलणं नाही. आधी अंधेरीला जा, पूल चढा, लोकल पकडा, चर्नी रोडला पुन्हा पूल चढा असा कार्यक्रम असायचा. त्यातल्या पुलांमुळेच आईचं माहेरी जाणं बंद झालं होतं.

मरोळ नाक्याला रस्त्यावरून तिकीट खिडकीच्या मजल्यापर्यंत एक लिफ्ट, तिथून फलाटावर दुसरी. लिफ्ट बदलताना थोडं चालावं लागतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाबरोबर दहा मिनिटं हाताशी ठेवून निघावं. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे. गाडी थांबली की आधी भिंतीचं दार आणि गाडीचं दार समोरासमोर येतं, मग दोन्ही उघडतात. मी मुद्दाम आईच्या काठीकडे पाहत होतो. काठीचं रबरी टोक फलाटावरून गाडीच्या फरशीवर गेलं ते न अडखळता, न उचलता. फट आहे, पण टोक तीत शिरेल एवढी नाही. उंचीचा फरक पायाला कळत नाही. आईने काठी पुढे केली, पाय टाकला, आणि ती आत होती. मी तिचा दंड धरायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

लोकलवर माझा जीव आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या शहराचा गाडा तिनेच ओढलाय. पण फलाट आणि डब्यातली ती फट म्हाताऱ्या माणसाला विहिरीसारखी दिसते, हे मी वर्षानुवर्षं आईच्या डोळ्यांत पाहिलंय. फलाट उंच केल्यापासून बराच फरक पडला, तरी मेट्रोची सर नाही.

धारावीच्या अलीकडे गाडी मिठी नदीच्या खालून जाते. आईला सांगितलं तर तिने वर पाहिलं आणि पदर सावरून घेतला. खिडकीत काळोखच, त्यामुळे मला त्या प्रवासात विशेष रस वाटला नाही. गिरगावात लिफ्टने वर आलो तेव्हा मात्र ती रस्त्याच्या मध्यभागी बघत राहिली. "इथून ट्राम जायची." मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

दुपारी नातेवाईकांकडून निघालो आणि मेट्रोनेच दोन स्थानकं पुढे सीएसएमटीला आलो. भाटिया बागेपाशी ए-१३८ उभी होती, विजेवरची वातानुकूलित डबल डेकर. या गाड्या फेब्रुवारी २०२३ मध्ये रस्त्यावर आल्या आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला डिझेलवरची शेवटची डबल डेकर निवृत्त झाली. त्या जुन्या गाडीला मागे उघडा प्लॅटफॉर्म, एकच जिना आणि दोन मजल्यांना दोन कंडक्टर. घंटीची दोरी ओढली की एकदा टण म्हणजे थांब, दोनदा टण म्हणजे चल. ती घंटी मला आजही आठवते. पण खरं सांगतो, आईसाठी नवी गाडी चांगली आहे. दोन दारं, दोन जिने, दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि त्या दिवशी बस फुटपाथला लागून उभी असल्यामुळे तिला एकच पाऊल वर टाकावं लागलं.

सगळा खेळ त्या "लागून" या शब्दात आहे. थांब्यासमोर दोन स्कूटर आणि एक टेम्पो उभा असेल, तर ड्रायव्हरने कितीही ठरवलं तरी बस रस्त्याच्या मध्येच थांबणार. मग फरशी रस्त्याच्या कितीही जवळ असलेली, लो-फ्लोअर गाडी आणा, म्हाताऱ्या माणसाला आधी फुटपाथ उतरावा लागतो आणि मग बस चढावी लागते. थांब्यापुढची तीस-चाळीस फूट जागा मोकळी ठेवणं हे कोट्यवधींच्या गाडीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. दुसरी गोष्ट संख्येची. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टकडे एकेकाळी चार हजारांहून जास्त गाड्या होत्या, आज तीन हजारही नाहीत. बस वेळेवर आली नाही तर खालची फरशी काय कामाची?

आजवर मी डबल डेकरमध्ये खाली कधी बसलो नव्हतो. वरच्या मजल्यावरची पुढची जागा म्हणजे माझी हक्काची. आई म्हणाली, "तू जा वर, मी बसते इथे." मी गेलो नाही. दाराजवळच्या जागेवर तिच्या शेजारी बसलो. तिकीट प्रत्येकी बारा रुपये. खालून फोर्टातल्या इमारतींच्या कमानी आणि खांब दिसतात, पुस्तकांचे ढीग आणि माणसांचे चेहरे दिसतात. वरून हे काही दिसत नाही. हुतात्मा चौकात बस वळली तेव्हा आईने पुढच्या दांड्याला हात लावलाच नाही, एवढी ती अलगद वळली.

मंत्रालयापाशी उतरलो. बस पुढे गेल्यावर आई मागच्या पाटीवरचे मराठी आकडे वाचत उभी राहिली. "एकशे अडतीस," ती म्हणाली. "ही रविवारी पण असते का रे?"