मदेरा आणि कॅनरी बेटं: क्रूझनं फिरावं की विमानानं जाऊन राहावं?

दिवाळी झाली की ब्रिटनमधल्या आमच्या मित्रमंडळात हा विषय हमखास निघतो. भारतातून कुणाचे तरी आईबाबा आलेले असतात, बाहेर चार वाजताच अंधार पडतो, आणि कुठून तरी अटलांटिकमधल्या बेटांच्या क्रूझची जाहिरात समोर येते. निळा समुद्र, मागे हिरवे डोंगर, भर थंडीत 20 अंशांची ऊब. मग फोन येतात: तू जाऊन आलीयस ना, काय करू?

मी दोन्ही प्रकारे गेले आहे. आधी आईबाबांना घेऊन कॅनरी बेटांतल्या तेनेरीफहून निघणारी सात रात्रींची क्रूझ केली, नंतर नवऱ्याबरोबर विमानानं थेट मदेराला जाऊन आठ दिवस राहिले. माझं मत आधीच सांगून टाकते. बेटं बघायची असतील तर जहाज छान आहे. डोंगर बघायचा असेल तर मुक्कामच हवा.

कारण ढग. या बेटांवर ईशान्येकडून व्यापारी वारे येतात, डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात आणि उतारावर ढगांचा पट्टा धरतात. आपल्या सह्याद्रीत पाऊस पडतो तसंच, फक्त इथे ओली बाजू उत्तरेची आणि कोरडी दक्षिणेची. मदेराची राजधानी फुंशाल दक्षिण किनाऱ्यावर आहे. खाली बंदरात लख्ख ऊन असतं आणि तासाभरात गाडीनं जाता येणाऱ्या पिको दो आरिएरो या शिखरावर (1818 मीटर) काहीच दिसत नाही. कधी याच्या नेमकं उलट: शहरावर मळभ आणि शिखर ढगांच्या वर, स्वच्छ. कुठल्या दिवशी काय मिळेल ते आदल्या संध्याकाळीही नक्की सांगता येत नाही. जहाज साधारण सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी सुटतं, म्हणजे डोंगरासाठी तुमच्या हातात एकच खेळी.

आमची ती खेळी वाया गेली. साडेदहाला बस वर पोचली तेव्हा कठड्याच्या पलीकडे दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. बाबा म्हणाले, "श्रावणातला लोहगड आहे हा." वीस मिनिटांनी बस परत निघाली. पुढे आम्ही दोघं राहायला गेलो तेव्हाही पहिल्या दोन पहाटा अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी अंधारातच गाडी काढली. वर पोचलो तर ढग खालच्या दऱ्यांत भरून राहिले होते आणि मधूनच एखादा सुळका वर आलेला. उजेड आधी आमच्या हातांवर पडला, मग समोरच्या कड्यावर, आणि तो काळा कडा बघता बघता तांबडा होत गेला. हाही ज्वालामुखीचाच दगड, आपल्या ओळखीचा बेसॉल्ट. समोरचं पिको रुइवो 1862 मीटरचं, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरनं उंच. आईबाबांना हे दाखवायचं राहिलं, याची मला अजून रुखरुख आहे.

मदेराला मुक्काम करायचं दुसरं कारण म्हणजे लेवाडा. लेवाडा म्हणजे पाट, अगदी आपण कोकणात किंवा देशावर म्हणतो तोच. उत्तरेकडच्या ओल्या डोंगरांतलं पाणी दक्षिणेकडच्या केळीच्या आणि उसाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना आणायला हे पाट खोदले, काही चक्क कड्यात कोरून. सगळे मिळून 2000 किलोमीटरच्या वर भरतात. पाळीपाळीनं पाणी सोडायला आपल्याकडे पाटकरी असतो तसा तिथे लेवाडेरो. पाटाच्या कडेनं हातभर रुंदीची पायवाट असते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पुष्कळदा सरळ दरी. चढ जवळजवळ नसतोच, कारण पाणी ज्या उतारानं वाहतं त्याच उतारानं आपण चालतो. लॉरेलच्या जुन्या जंगलातून (1999 पासून हा जागतिक वारसा आहे) तीन-चार तास असं चाललं की पाण्याचा बारीक आवाज कानात बसतो. जहाजाच्या सहलीत लेवाडाचा एखादा सोपा तुकडा दाखवतात, पण चाळीस जणांच्या रांगेत. चालण्याची आवड असेल तर एवढ्यावर समाधान मानू नका. उंचीची भीती असेल तर मात्र वाट आधी नीट निवडा, सगळीकडे कठडा नसतो.

आता जहाजाच्या बाजूनं, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. पहाटे समुद्रातून फुंशाल जवळ येताना बघणं विमानातून मिळत नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि त्यांच्या अंगावर वरपर्यंत चढत गेलेले घरांचे दिवे. आई शाल गुंडाळून गॅलरीत उभी होती आणि दिवे एकेक करून विझेपर्यंत आत आलीच नाही. तिचे गुडघे दुखतात. रोज नव्या गावी जायचं, पण बॅग एकदाच उघडायची, हे तिला फार मानवलं. शिवाय काही बेटं एका दिवसात खरंच चांगली होतात. कॅनरी बेटांपैकी लांझारोटेचं तिमानफाया राष्ट्रीय उद्यानच घ्या. 1730 ते 1736 सलग उद्रेक झालेला तो लाव्हाचा प्रदेश तुम्ही मुक्काम केलात तरी बसमधूनच बघायचा असतो, मोकाट फिरू देत नाहीत. जवळच ला हेरियात काळ्या राखेत खड्डे करून प्रत्येक खड्ड्यात द्राक्षाचा एकेक वेल लावलाय आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धी चंद्रकोर रचलीय. बाबा शेतकऱ्याच्या घरचे. प्रत्येक वेलाला वेगळं घर बांधणाऱ्या माणसांचं त्यांनी पुढे आठवडाभर कौतुक केलं.

साउदॅम्प्टनहूनच निघणाऱ्या बारा-चौदा रात्रींच्या क्रूझही आहेत. विमान टाळायचं असेल तरच त्यांचा विचार करा. मदेरापर्यंत पोचायलाच साधारण तीन दिवस लागतात, आणि हिवाळ्यात बिस्केचा उपसागर चांगलाच खवळतो. समुद्र लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

वारा विमानालाही सोडत नाही. मदेराच्या धावपट्टीचा बराचसा भाग समुद्रकाठी खांबांवर उभा आहे, आणि जोराचा वारा असला की विमानं दुसरीकडे वळवतात. परतीच्या दुसऱ्याच दिवशी भारताचं विमान असेल तर असं तिकीट काढू नका.

व्हिसाचं काम सगळ्यात आधी. मदेरा पोर्तुगालचं आणि कॅनरी बेटं स्पेनची, दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये येतात. पण सात रात्रींच्या काही क्रूझ मधेच मोरोक्कोतल्या अगादीरला थांबतात. तिथे तुम्ही शेंगेनबाहेर जाता, म्हणून परत यायला एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो, आणि मोरोक्कोचे नियम वेगळे तपासावे लागतात. आईबाबांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणा. पाहुणे म्हणून इथे आलेल्यांचा अर्ज ब्रिटनमध्ये घेतील याची खात्री नसते.

खर्चाची तुलना करताना जहाजाच्या तिकिटावर जाऊ नका. त्यात खोली आणि जेवण येतं. टिप, इंटरनेट, पेयं आणि प्रत्येक बंदरावरची सहल यांचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात, आणि चौघांच्या चार सहली धरल्या की आकडा भराभर वाढतो. स्वतः टॅक्सी करून फिरलात तर स्वस्त पडतं, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्याच सहलीची बस उशिरा आली तर सहसा थांबतं. शाकाहारी जेवणाची आम्हाला अडचण आली नाही. जैन जेवण हवं असेल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा.

आईबाबांना घेऊन पुन्हा जायचं झालं तर मी तेनेरीफहून निघून तिथेच परत येणारी क्रूझ घेईन आणि शेवटी तेनेरीफमध्ये तीन रात्री जोडेन. तिथल्या सान्ता क्रूझ शहरातून ट्राम थेट ला लागुनाच्या जुन्या गावात जाते, तिथे चालणं सपाटीवरचं आहे. आणि मुख्य म्हणजे तेइदे. हा 3715 मीटरचा ज्वालामुखी स्पेनचं सर्वोच्च शिखर आहे. रोपवे 2356 मीटरवरून सुटतो आणि आठ मिनिटांत 3555 मीटरवर नेतो. हृदयविकार असलेल्यांनी वर जाऊ नये असं तिथेच सांगतात, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. क्रूझच्या वेळी आम्ही खालच्या स्थानकावर पोचलो आणि वाऱ्यामुळे रोपवे बंद होता. म्हणून या वेळी तिकीट तीनपैकी पहिल्या दिवसाचं काढायचं. बंद निघाला तर हातात अजून दोन दिवस राहतात.