ट्रेलरच्या चांगल्या बॅटऱ्या ‘मेल्या’ म्हणून कशा नेल्या गेल्या

निवृत्तीनंतर आम्ही पती-पत्नी दर हिवाळ्यात ट्रेलर घेऊन अ‍ॅरिझोनात राहतो. गेल्या जानेवारीत तिथे एका फिरत्या मेकॅनिकने आमच्याकडून १,३८० डॉलर उकळले. कॅम्पग्राउंडच्या विजेवर महिनोन्महिने ट्रेलर जोडून ठेवणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

ट्रेलरमधले दिवे, पाण्याचा पंप आणि गॅस हीटरचा पंखा १२ व्होल्टवर चालतात. खांबावरून येणारी १२० व्होल्टची वीज आतल्या पॅनेलमधला कन्व्हर्टर १२ व्होल्टमध्ये बदलतो, आणि त्यावरच दिवेही लागतात व बॅटऱ्याही चार्ज होतात. आमच्या ट्रेलरमध्ये या पॅनेलच्या आणि बॅटऱ्यांच्या मध्ये दोन फ्यूज आहेत. बॅटरीच्या वायरी क्षणभर जरी उलट्या जोडल्या गेल्या, तरी ते उडतात. डिसेंबरमध्ये बॅटऱ्या पुन्हा बसवताना माझ्या पतींच्या हातून नेमके तेच झाले. ठिणगी उडाली, त्यांनी वायरी लगेच सुलट केल्या, खांबाची वीज जोडताच दिवे लागले, आणि दिवे लागतात म्हणजे बॅटऱ्याही चार्ज होत आहेत असे आम्ही धरून चाललो.

पाच आठवड्यांनी क्वार्ट्झसाइटजवळच्या मोकळ्या वाळवंटात, जिथे विजेचे खांब नाहीत, आम्ही ट्रेलर उभा केला आणि आतला एकही दिवा लागेना. ट्रेलरचे तोंड वर-खाली करणारा, पुढचा विजेवर चालणारा जॅक मात्र व्यवस्थित चालला होता. तो थेट बॅटरीला जोडलेला असतो, त्यामुळे बॅटऱ्यांत जीव आहे याचा पुरावा आमच्या डोळ्यांसमोरच होता. त्या वेळी त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही.

कॅम्पग्राउंडवर परतून आम्ही सूचनाफलकावरच्या कार्डावरून मेकॅनिकला बोलावले. त्याने खांबाची वीज बंद केली, व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बॅटरीला न लावता आतल्या पॅनेलला लावला आणि आम्हाला शून्याचा आकडा दाखवला. फ्यूज उडालेले असल्याने बॅटऱ्यांची वीज तिथे पोहोचतच नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळले नाही. सतत वीज लावून ठेवल्याने बॅटऱ्यांतले पाणी उकळून गेले आणि कन्व्हर्टरही जळाला, असे त्याने सांगितले. कन्व्हर्टर बिघडून जास्त व्होल्टेज देऊ लागला तर पाणी खरोखरच आटते, त्यामुळे त्याचे बोलणे पटण्यासारखे होते. परंतु तीनच आठवड्यांपूर्वी मी स्वतः झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घातले होते आणि प्लेट्स पूर्ण बुडालेल्या पाहिल्या होत्या. मी ते सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि मी पुन्हा बोलले नाही. याची मला आजही खंत वाटते.

त्याने दोन ‘नव्या’ बॅटऱ्या बसवल्या, कन्व्हर्टर बदलल्याचे सांगितले आणि आमच्या बॅटऱ्या उचलून नेल्या. रोख दिल्यास सवलत देतो म्हणाला, म्हणून आम्ही रोख दिले. बिलावर फक्त ‘विजेचे काम’ एवढेच लिहिले होते.

मार्चमध्ये वीज नसलेल्या जागी हीटरचा पंखा पहाटेपूर्वीच थांबला. पुढच्या मुक्कामी शेजारच्या ट्रेलरमधल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियन गृहस्थांनी बॅटऱ्या रात्रभर चार्ज करून दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने, तपासल्या. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या एका कप्प्यात, आकडा १.२६५च्या आसपास यायला हवा. आमच्या तीन सेलमध्ये तो १.२००च्याही खाली होता. वरचे लेबल खरवडलेले होते, पण बॅटरीच्या अंगावर उठवलेल्या खुणेतले अक्षर महिन्याचे आणि अंक वर्षाचा होता, आणि त्यावरून त्या चार वर्षे जुन्या निघाल्या. विम्यासाठी काढून ठेवलेल्या फोटोतला कन्व्हर्टरचा अनुक्रमांक आणि आत बसलेल्या कन्व्हर्टरचा अनुक्रमांक एकच होता. नवे होते ते फक्त दोन फ्यूज, ज्यांची किंमत काही डॉलर असते.

त्या गृहस्थांनी शिकवल्याप्रमाणे आता मी दर महिन्याला पाणी पाहते आणि मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावते. वीज काढून काही तास विसावलेली, चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि खांबाची वीज जोडल्यावर तोच आकडा १३च्या वर चढायला हवा. तो हललाच नाही, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी ते फ्यूज आणि बॅटरीची जोडणी तोडण्याचा स्विच पाहावा. बॅटरी मेली असे कोणी म्हटले, तर ती त्याच्या हवाली न करता ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्यावी. अनेक ठिकाणी ही चाचणी फुकट होते.

मेकॅनिकचा फोन आता लागत नाही. आम्ही फोटो आणि बिल घेऊन कॅम्पग्राउंडच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि फलकावरचे त्याचे कार्ड काढून टाकले.