विहिरीवरच्या मोटरसाठी रेडिओ चिप: आरएफएम६९, लोरा की बीएलई?

शेतातली मोटर नाहीतर ड्रिपचा व्हॉल्व्ह वायरलेसवर चालवायचाय म्हणून चिप शोधणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, "त्यात एईएस (मेसेज लपवायची, म्हणजे एनक्रिप्शनची प्रमाण पद्धत) आहे ना?" हा प्रश्न अर्धाच आहे. "मोटर चालू कर" एवढा मेसेज कुणी वाचला तर काय बिघडणार, मोटरचा आवाज शेजारच्या बांधावर जातोच. भीती आहे ती तोच मेसेज दुसऱ्या कुणी पाठवायची, कारण विहिरीत पाणी नसताना मोटर कोरडी फिरली की गेली. त्यामुळे चिप निवडताना मी दोन गोष्टी आधी बघतो, मेसेज आपल्याच माणसाचा आहे हे कोण तपासतं आणि तो आत्ताचाच आहे, कालचा नाही, हे कोण तपासतं.

सगळ्यात स्वस्त चिप एनआरएफ२४एल०१+. त्यात एनक्रिप्शनच नाही, फक्त सीआरसी आहे, आणि सीआरसी पॅकेट खराब झालं का एवढंच सांगतो, कुणी पाठवलं ते नाही. याच कुळातल्या चिपवर चालणाऱ्या वायरलेस माउस-कीबोर्डच्या डोंगलमध्ये बाहेरून खोटे कीस्ट्रोक घुसवता येतात हे २०१६ मध्ये माउसजॅक नावाने जगासमोर आलं. टेबलावरच्या प्रोजेक्टला ठीक, मोटरला नको.

आरएफएम६९ या रेडिओ मॉड्युलवर जरा थांबायला पाहिजे, कारण लोक इथेच फसतात. रेडिओच्या आतच एईएस-१२८ आहे, १६ बाइटची की (गुप्त किल्ली) दिली आणि एक बिट सेट केला की झालं, कोड दोन ओळींचा, आणि मग आपण निर्धास्त. पण त्याला नॉन्स (दर मेसेजला बदलणारा आकडा) द्यायला जागाच नाही, म्हणजे की तीच आणि मजकूर तोच असेल तर हवेत जाणारे बाइट पण तंतोतंत तेच. घरी करून बघा, दोन मॉड्युल एईएस चालू करून बोलायला लावा, तिसऱ्यावर एईएस बंद ठेवून बाकी सेटिंग तीच द्या. "चालू"चं पॅकेट त्या तिसऱ्यावर १६ अगम्य बाइट म्हणून दिसेल, परत पाठवलं की परत तेच १६. आता तेच १६ बाइट तिसऱ्या मॉड्युलवरून सोडा. रिसीव्हर ते नीट उलगडतो आणि मोटरचा रिले (स्विच) टक्कन ओढला जातो, गुप्त की माहीत नसताना! एनक्रिप्शन मोडलेलंच नाही, तरी मोटर चालू झाली.

यावर उपाय आहे, चिप टाकून द्यायची गरज नाही. मेसेजमध्ये चढता काउंटर घाला, त्यावर मायक्रोकंट्रोलरमध्ये सॉफ्टवेअरने सीमॅक (गुप्त कीशिवाय काढता न येणारा शिक्का) काढून जोडा, रिसीव्हरने आधी सीमॅक तपासायचा आणि काउंटर मागच्यापेक्षा मोठा असेल तरच ऐकायचं. साध्या आठ बिटच्या कंट्रोलरमध्ये पण हे बसतं. फक्त ते तुम्हाला स्वतः लिहावं लागतं आणि रेडिओतलं एईएस त्याला काडीची मदत करत नाही, कारण ते इंजिन बाहेरून वापरताच येत नाही.

लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओची गंमत बरोबर उलटी आहे. त्याच्या एसएक्स१२७६ चिपमध्ये एईएस अजिबात नाही, पण वर लोरावॅनचा स्टॅक (लोरावरून बोलायच्या नियमांचं तयार सॉफ्टवेअर) चढवला की मजकूर एका कीने लपतो, दुसऱ्या कीने ४ बाइटचा शिक्का बसतो आणि फ्रेम काउंटर (मेसेजचा चढता क्रमांक) त्या हिशोबातच असतो, म्हणजे आरएफएम६९ मध्ये जे हाताने करावं लागतं ते इथे आयतं मिळतं. बॅटरीचं म्हणाल तर एसएफ१२ ला (लोराच्या सगळ्यात संथ सेटिंगला) छोटं पॅकेट पण सेकंदाच्या वर हवेत असतं, त्यापुढे सॉफ्टवेअर एईएसचा खर्च किरकोळ आहे. बीएलईचं (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं) तसं नाही, तिथे दोन पॅकेटमध्ये १५० मायक्रोसेकंद मिळतात, म्हणून एनआरएफ५२८४० सारख्या चिपमध्ये सीसीएम (एईएसने लपवणं आणि शिक्का दोन्ही करायची पद्धत) हार्डवेअरमध्येच असतं आणि पॅकेट जाता जाता लपतं पण आणि शिक्का पण बसतो.

मग एनआरएफ५२८४०च का नको? घरातल्या सेन्सरला, दाराच्या कुलपाला मी तीच घेईन. पण अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीला साधं बीएलई पुरणार नाही, आणि चिप कितीही चांगली असली तरी पेअरिंग जस्ट वर्क्सवर (कोड न विचारता जोडायच्या पद्धतीवर) ठेवलं तर मध्ये कोण बसलंय हे कळत नाही. याच चिपवर झिगबी (स्मार्ट बल्ब-सेन्सर जोडायची वायरलेस पद्धत) चालवणार असाल तर तिथली सगळ्यांना माहीत असलेली डीफॉल्ट की म्हणजे "झिगबी अलायन्स ०९" ही रोमन अक्षरं न तोडता, मोजून १६, आणि नेटवर्कची खरी की तिच्यात गुंडाळून पाठवली की जॉईन होताना ऐकणाऱ्याला ती मिळते. झिगबी ३.० मध्ये इन्स्टॉल कोडची (प्रत्येक उपकरणाच्या वेगळ्या कोडची) सोय आहे, ती वापरा.

आणि ही गुप्त की ठेवणार कुठे? २०१६ मध्येच संशोधकांनी फिलिप्स ह्यू बल्बच्या चिपचा वीजवापर मोजून त्यातली फर्मवेअरची (चिपमधल्या प्रोग्रामची) की काढली, एईएस हार्डवेअरमध्येच होतं, पण की त्या प्रकारच्या सगळ्या बल्बना एकच. २०२० मध्ये एनआरएफ५२ मालिकेचं डीबग लॉक (चिपमधला मजकूर बाहेरून वाचू न देणारं कुलूप) पण व्होल्टेजचा झटका देऊन उघडता येतं हे दाखवलं गेलं. त्यासाठी डबा हातात लागतो हे खरं, पण विहिरीवरचा डबा रात्रभर एकटाच असतो ना. म्हणून प्रत्येक डब्याला वेगळी की, आणि उदाहरणाच्या कोडमधली की तर कधीच ठेवू नका.

माझी निवड विचाराल तर शेतासाठी एसटीएम३२डब्ल्यूएलई५, लोरा रेडिओ आणि कंट्रोलर एकाच चिपमध्ये, सोबत हार्डवेअर एईएस आणि रँडम नंबर जनरेटर. लोरावॅन ओटीएए पद्धतीने (दर जोडणीला नव्या की तयार होतात) आणि क्लास सी मध्ये (रिसीव्हर कायम चालू) चालवा, नाहीतर डबा सतत ऐकत नाही. भारतात फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्येच, ९१५ वालं मॉड्युल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. गेटवे (लोरावॅनला इंटरनेटशी जोडणारा डबा) परवडत नसेल तर आरएफएम६९ आणि वरचा सीमॅक, ते पण चांगलं चालतं.

फक्त काउंटरचं बघा. लाईट गेली आणि काउंटर शून्यावर आला तर जुनी पॅकेटं परत चालायला लागतात, आणि दर मेसेजला फ्लॅशमध्ये लिहिलं तर ती साधारण १०,००० वेळाच लिहायची हमी असते. दर १०० मेसेजला एकदा लिहा आणि सुरू होताना लिहिलेल्या आकड्यात १०० मिळवून पुढे चला. रिसीव्हर असा पुढे गेला तर पाठवणाऱ्याचा काउंटर पण १०० ने पुढे न्या, नाहीतर खरे मेसेज पण नाकारले जातील.