हाँगकाँगला मुक्काम कुठे करावा: कौलूनला की बेटावर?

हाँगकाँगचं तिकीट काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला. हॉटेल बंदराच्या कुठल्या बाजूला घ्यायचं? कौलूनला, की हाँगकाँग बेटावर? मी दोन्हीकडे राहिलोय. पहिल्या खेपेला सहा रात्री कौलूनला नेथन रोडवर, दुसऱ्या खेपेला पाच रात्री बेटावर, हॉलिवूड रोडच्या जरा वर. दोन्ही वेळा नोव्हेंबर, दोन्ही वेळा सोबत बायको, आणि बेतही तोच: सकाळी डोंगर, दुपारी खाणं, संध्याकाळी बाजार. तेव्हा पुढचं सगळं अशाच बेतानं जाणाऱ्यांसाठी. डिस्नेलँड हाच मुख्य कार्यक्रम असेल तर कुठेही राहा.

बाजाराबद्दल वादच नाही, तिथे कौलून जिंकतं. मोंगकॉकचं लेडीज मार्केट, फा युएन स्ट्रीटवरची बुटांची दुकानं, रात्रीचा टेंपल स्ट्रीट, सगळं नेथन रोडच्या आसपास. शाम शुई पोमधला आपलिऊ स्ट्रीट म्हणजे अख्खा लॅमिंग्टन रोड फुटपाथवर ओतल्यासारखा: जुने रेडिओ, रिमोट, केबलींचे ढीग. बेटावर मॉल आहेत, आणि कॅट स्ट्रीटवर जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू. बायकोनं तिथून एक चहाची किटली घेतली. जुनी आहे असं ती अजून म्हणते.

रात्रीचा देखावाही कौलूनचाच. ते प्रसिद्ध दिवे बेटावरच्या उंच इमारतींचे, त्यामुळे बेटावर राहणाऱ्याला ते दिसत नाहीत. पण त्यावर स्टार फेरीच्या बोटीचा इलाज आहे. बेटावरच्या सेंट्रलहून कौलूनच्या त्सिम शा त्सुईला दहाएक मिनिटं, भाडं किरकोळ. वरच्या मजल्यावरच्या लाकडी बाकांची पाठ पुढे-मागे ढकलता येते, म्हणजे बोट कुठल्याही दिशेला जावो, आपलं तोंड पुढे. ही फेरी १८८८ साली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थानं काढलेल्या कंपनीतून आली, आणि त्सिम शा त्सुईतला मोडी रोड मुंबईहून गेलेल्या होरमसजी मोदींच्या नावाचा. रस्त्याच्या पाटीवर ‘मोडी’ वाचलं आणि उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

खाण्यात मी कोणाला झुकतं माप देणार नाही. पक्के शाकाहारी असाल आणि दोन दिवसांनी डाळ-भाताची आठवण येत असेल तर कौलून सोयीचं, नेथन रोडच्या आसपास आपल्याकडच्या खाणावळी भरपूर. बेटावर वानचायला गुरुद्वारा आहे, तिथे लंगर मिळतो. आणि मासे खाणाऱ्यांनी शुंग वानच्या पुढे डे व्हू रोड वेस्टवरून एकदा चालत जावं. दुकानांमागून दुकानं, सगळी सुक्या मासळीची. आमची ही मालवणची. वळणावर वास आला तशी थांबली आणि म्हणाली, ‘‘आठवड्याचा बाजार दिसतोय.’’

आता डोंगर. कागदावर इथेही कौलूनच वरचढ आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. ४९५ मीटरचा लायन रॉक डोक्यावरच, आणि साई कुंगच्या बाजूला मॅक्लेहोज ट्रेल या लांबलचक पायवाटेचा दुसरा टप्पा, जिथे डोंगर उतरून थेट पांढऱ्या वाळूवर पाय पडतात, तो चॉय हंगहून मिनीबसनं साई कुंगला जाऊन गाठता येतो. बेटावर ड्रॅगन्स बॅक आहे. शौ के वानहून नऊ नंबरची बस, मग २८४ मीटरच्या शेक ओ पीकवरून जाणारा उघडा कडा, आणि शेवटी बिग वेव्ह बेला समुद्रात उडी. चाल अर्ध्या दिवसाची, दम फार लागत नाही.

एवढं सगळं कौलूनच्या पारड्यात टाकूनही दुसऱ्या खेपेला आम्ही बेटावर गेलो. कारण लिफ्ट.

कौलूनचं आमचं गेस्ट हाउस एका जुन्या उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर होतं. खोली लहान. दोन्ही बॅगा उघडायच्या तर एकानं पलंगावर चढून बसायचं. त्याची तक्रार नाही, ते गृहीतच होतं. पण आमच्या विंगेला लिफ्ट दोन, एक सम मजल्यांची, एक विषम, म्हणजे आपल्या वाट्याला एकच. तिच्यात माणसं सहा, फार तर सात. खालच्या रांगेत नुसते प्रवासी नसतात. कांद्याची पोती, चादरींचे गठ्ठे, वरच्या खाणावळींची पातेली, सगळं त्याच लिफ्टनं जातं. वजन जास्त झालं की बझर वाजतो आणि शेवटी चढलेल्यानं उतरायचं. पाठीवर सॅक असलेला माणूस नेहमी शेवटीच चढलेला असतो.

सकाळी खाली उतरताना आणखी मजा. लिफ्ट वरूनच भरून येते. दार उघडतं, सहा चेहरे तुमच्याकडे बघतात, दार बंद होतं. ड्रॅगन्स बॅकच्या सकाळी हे चार वेळा झालं. शेवटी जिन्यानं उतरलो. चौदा मजले, जिन्यात ओले पोछे आणि कचऱ्याच्या पिशव्या, आणि खाली पोचेपर्यंत बायकोचा गुडघा बोलायला लागलेला. सातला निघणार होतो, कड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिथे सावलीचं एक झाड नाही. दिवसाला चार खेपा धरल्या तर त्या सहा दिवसांतला अर्धा दिवस तरी मी लिफ्टच्या दाराकडे बघत घालवला असेन. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण मला तो दोन दिवसांसारखा वाटला.

बेटावर त्रास नाही असं नाही. तिथे चढ आहे. रात्रीच्या विमानानं जाऊन सकाळी नऊच्या सुमारास सेंट्रलला उतरलो, दोन मोठ्या बॅगा. म्हटलं, सरकते जिने आहेतच. १९९३ साली सुरू झालेली ती आठशे मीटरची रांग थेट आमच्या हॉटेलच्या दिशेनं जाते. बघतो तर जिना आमच्या अंगावर येतोय! सकाळी सहा ते दहा तो फक्त खाली येतो, वरच्या वस्तीतल्या लोकांना ऑफिसात सोडायला. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर. बाजूच्या पायऱ्यांवरून बॅगा ओढायचा विचार दहा पायऱ्यांत सोडला आणि एका चा चान तेंगमध्ये, म्हणजे तिथल्या चहा-नाश्त्याच्या साध्या हॉटेलात, बसलो. कडक दुधाचा चहा आणि अननस बन. बनमध्ये अननस नसतो, वरचा पापुद्रा तसा दिसतो म्हणून ते नाव. आत लोण्याची जाड वडी. दुसरा चहा संपला तोवर जिना फिरला होता.

पुढचे चारही दिवस चढ होताच. पण पाय उचलला की चढ कमी तरी होतो. आणि सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्याला तो चढ नसतो, उतार असतो, शिवाय जिनाही आपल्याच बाजूचा. सकाळी वर गेलो ते फक्त व्हिक्टोरिया पीकसाठी, म्हणजे बेटावरच्या डोंगरासाठी: सहाला निघून ओल्ड पीक रोडनं तासाभरात चढलो. त्या वेळी वरच्या लुगार्ड रोडवर आम्ही आणि कुत्री फिरवायला आलेली चार माणसं. पीकवर जाणाऱ्या ट्रामची रांग नाही, काही नाही. लामा बेटाची बोट सेंट्रलच्या धक्क्यावरूनच सुटते, तिथेही चालत गेलो. संध्याकाळी पाय दुखले की खालच्या रस्त्यावरच्या डिंग-डिंग ट्रामच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची आणि केनेडी टाउनपर्यंत नुसतं बसायचं.

सोबत आई-वडील असतील आणि त्यांना पायऱ्या नको असतील तर मी कौलूनच सांगेन, नेथन रोड सपाट आहे. खरेदीची यादी मोठी असेल तरीही तेच. खोलीही आम्हाला बेटावर थोडी महाग पडली. लिफ्टचं म्हणाल तर मोठ्या हॉटेलांत ही अडचण नसणार, माझा अनुभव स्वस्तातल्या खोलीचा.

भाचा डिसेंबरात जातोय, त्याला कौलूनच घ्यायचंय, बुटांसाठी. त्याला एवढंच सांगितलं की बुकिंग करण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार: मजला कितवा आणि त्या मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्ट किती. चौथ्यापर्यंत असेल तर खुशाल घे.