पावती खरी होती, पैसे चोरीचे होते

लीड्सला एमएससीसाठी आले त्या वर्षी माझी निम्मी फी दोनदा भरली गेली, आणि दुसऱ्यांदा भरली तीच खरी. पहिल्या वेळचे ६,४०० पौंड कुणा अनोळखी लोकांच्या कार्डांवरून चोरलेले निघाले. त्याबदल्यात आमच्या घरून गेलेले ६ लाख ९१ हजार २०० रुपये मात्र अस्सल होते, इचलकरंजीच्या बँकेतली एफडी मोडून काढलेले. २०२४ च्या सप्टेंबरातली, अगदी ओरिएंटेशनच्या आठवड्यातली ही गोष्ट. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा यात दोष नाही. फसवणाऱ्याचं नाव लिहून उपयोग नाही, कारण ते त्याचं नव्हतंच.

त्या आठवड्यात नव्या मुलांच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे माहीत असल्याशिवाय हा प्रकार कळायचा नाही. आयडी कार्डाची रांग, जीपीकडे (सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे) नोंदणी, बँक खात्यासाठी विद्यापीठाचं पत्र, डिपार्टमेंटचं इंडक्शन, फ्रेशर्स फेअर, आणि या सगळ्याच्या मध्ये पोस्टात जाऊन बीआरपी कार्ड, म्हणजे तेव्हा मिळणारं व्हिसाचं ओळखपत्र, घ्यायचं. त्या वर्षी बीआरपीवर मुदत ३१ डिसेंबर २०२४ छापलेली असायची, व्हिसा पुढच्या वर्षापर्यंतचा असला तरी. कार्डाऐवजी ऑनलाइन ई-व्हिसा सुरू होणार म्हणून तसं केलं होतं, पण पोस्टाच्या दारात कार्ड हातात घेऊन रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत. अशा वेळी "काही नाही गं, सगळ्यांचं तसंच आहे" असं मराठीत सांगणारा माणूस देवासारखा वाटतो.

हा माणूस तसाच आला. लीड्स-ब्रॅडफर्डच्या मराठी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. ग्रुप बोगस नव्हता. हेअरहिल्समध्ये कुठल्या दुकानात कांदा-लसूण मसाला मिळतो, कुणाकडे जादा गादी आहे, कुठली बस कुठे जाते, अशी रोजच्या उपयोगाची माहिती तिथं मिळायची. हा त्यात महिनाभर नुसती उत्तरं देत होता. बीआरपीचं कोडं त्यानंच ग्रुपवर सोडवून सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. मला 'ताई' म्हणायचा. गाव विचारलं, इचलकरंजी म्हटल्यावर "मावशी गडहिंग्लजला आमची" म्हणाला, आणि कुठल्या पेठेत कापडाचे सौदे होतात इथपर्यंत गप्पा मारल्या.

माझी अडचण साधी होती. एज्युकेशन लोन मंजूर झालेलं, पण पैसे सुटत नव्हते. शाखेला नव्या तारखेचं फी डिमांड लेटर हवं होतं, ते पुढच्या कार्यालयात जाऊन परत यायचं होतं. इकडे शुक्रवारपर्यंत निम्मी फी भरली नाही तर एनरोलमेंट अर्धवट राहणार, आयडी कार्ड चालू होणार नाही, असा ईमेल आला होता. पप्पा म्हणाले, एफडी मोडतो आणि टीटी करतो, म्हणजे बँकेतून थेट परदेशी पैसे पाठवतो. पण परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा ए-२ फॉर्म, कागद, स्विफ्टनं (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) पैसे पोचायला लागणारे दिवस, हे गणित शुक्रवारात बसत नव्हतं. शिवाय जूनमध्ये डिपॉझिट पाठवलेलं असल्यामुळे त्या आर्थिक वर्षातली ७ लाखांची मर्यादा ओलांडली जाणार होती, आणि वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर.

ग्रुपवर मी फक्त विचारलं होतं की टीटी किती दिवसांत पोचतो. त्याचा मेसेज वेगळा, खासगीत आला. म्हणाला, तीन वर्षं लीड्समध्ये आयटीत आहे, हिंजवडीत फ्लॅट घेतलाय, दर महिन्याला इथले पौंड तिकडे पाठवतो आणि बँक दोन्हीकडून कापते. तुला पौंड हवेत, मला रुपये हवेत. मी तुझी फी इथून कार्डानं भरतो, पप्पांनी तेवढे रुपये माझ्या माणसाच्या खात्यावर टाकावेत. भाव पौंडाला १०८ रुपये. त्या आठवड्यात आमच्या बँकेकडून सगळे चार्जेस धरून ११४ च्या आसपास पडत होता. म्हणजे ३८ हजार ४०० रुपये वाचत होते. यंत्रमागाच्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा लहान नाही.

आता इथं नीट वाचा. फसवणुकीच्या ज्या सूचना आपण ऐकत आलोय, त्यांतली एकही इथं लागू पडत नव्हती. आधी पैसे पाठवू नका म्हणतात, तो स्वतःच म्हणाला, "आधी मी भरतो. तुझ्या विद्यापीठाच्या ईमेलवर पावती आली, पोर्टलवर शिल्लक शून्य दिसली, की मगच पप्पांना सांग." पासवर्ड देऊ नका म्हणतात, त्यानं मागितलाच नाही. फक्त स्टुडंट नंबर आणि जन्मतारीख घेतली, कारण फी भरायच्या पानावर तेवढंच लागतं. आईवडलांना परदेशातून भरता यावी म्हणून ती सोय असते. लिंकवर क्लिक करू नका म्हणतात; लिंक नव्हतीच, पान विद्यापीठाचं स्वतःचं होतं.

गुरुवारी दुपारी पावत्या आल्या. विद्यापीठाच्याच पत्त्यावरून, माझ्या नावाच्या. १,६०० पौंडांच्या चार. चारही पावत्यांवर कार्डाचे शेवटचे चार आकडे वेगवेगळे. विचारल्यावर म्हणाला, एका कार्डाची लिमिट संपली म्हणून बायकोचं, भावाचं वापरलं. पोर्टलवर शिल्लक शून्य. पप्पांनी दोन खात्यांवर आरटीजीएस केलं. दोन्ही खाती परराज्यातली, दोन्ही नावं त्याच्या नावाशी न जुळणारी. आई म्हणत होती, पितृपक्षात एवढा मोठा व्यवहार नको. पुढे सगळं उघड झालं तेव्हा ती तेवढंच धरून बसली. तिच्या मते आजही दोष मुहूर्ताचा आहे.

आयडी कार्ड चालू झालं, लायब्ररी उघडली, वर्ग सुरू झाले. तो ग्रुपवर होताच, दसऱ्याच्या शुभेच्छाही आल्या.

नोव्हेंबरात फायनान्स ऑफिसचा ईमेल आला. चारही पेमेंट परत फिरवली गेली आहेत, तुमच्या नावावर ६,४०० पौंड बाकी आहेत, येऊन भेटा.

यातली मेख अशी. कार्डानं पैसे भरले की दुकानाला किंवा विद्यापीठाला 'पेड' दिसतं, पण त्याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी कार्डाच्या बँकेनं होकार दिला. कार्ड चोरीचं असेल तर खऱ्या मालकाला महिन्याचं स्टेटमेंट बघताना कळतं, तो बँकेत तक्रार करतो, आणि बँक ते पैसे उलट ओढून घेते. याला चार्जबॅक म्हणतात. तक्रारीला साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे पोर्टलवरचं शून्य हे चार महिने नुसतं पाहुणं असू शकतं. उलट पप्पांनी केलेलं आरटीजीएस परत येत नाही. चोराच्या दृष्टीनं हा सरळ धंदा आहे: चोरलेल्या कार्डातून थेट रोकड काढता येत नाही, मग कुणाची तरी फी भरायची आणि त्या घरातून स्वच्छ रुपये उचलायचे. भाव १०८ लावला काय आणि १०० लावला काय, त्याला सगळाच नफा.

पैसे बुडाले हे दुःख होतंच, पण फायनान्स ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर भीती वेगळीच होती. चोरीच्या कार्डांनी फी भरली गेली ती माझ्या नावावर. पहिला प्रश्न मलाच: हे कार्डधारक कोण, तुमचं नातं काय? स्टुडंट व्हिसा विद्यापीठाच्या स्पॉन्सरशिपवर उभा असतो. त्यांनी ती काढून घेतली की होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवावं लागतं आणि व्हिसाची मुदत आखडली जाते. सहसा ६० दिवसांत देश सोडावा लागतो. कमवून फेडीन म्हणावं तर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांचीच परवानगी. त्या वर्षीचं किमान वेतन तासाला ११ पौंड ४४ पेन्स. म्हणजे एक पेनीही न खर्चता २८ आठवडे.

मला वाचवलं ते पप्पांच्या संशयी स्वभावानं. त्या माणसानं चॅटवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावून ठेवली होती, तेव्हा 'प्रायव्हसी' म्हणाला होता. पण पप्पांना स्वतः वाचल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवत गेले होते. ते स्क्रीनशॉट, आरटीजीएसच्या स्लिपा, ॲक्शन फ्रॉडकडे (फसवणुकीच्या तक्रारींसाठीचं तेव्हाचं ब्रिटिश केंद्र) केलेल्या तक्रारीचा क्रमांक, हे सगळं स्टुडंट युनियनच्या सल्ला केंद्रातल्या बाईंनी एका पत्रात मांडून दिलं. ही सेवा फुकट असते आणि ती विद्यापीठाच्या प्रशासनापासून वेगळी असते. अडचणीत आलात तर एकट्यानं फायनान्स ऑफिसला जाऊ नका. विद्यापीठानं मला फसवली गेलेली व्यक्ती म्हणून धरलं आणि हप्ते पाडून दिले. लोनचे पैसे तोवर सुटले होते, त्यातून ते भरले. उरलेल्या निम्म्या फीचं काय केलं ते विचारू नका, त्यात मामाची पण एफडी आहे.

भारतात पप्पांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. ही यंत्रणा पैसे गेल्यापासून काही तासांत कळवलं तर चांगली चालते, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते. आमच्या बाबतीत दोन महिने उलटलेले. एका खात्यात थोडी रक्कम गोठवलेली मिळाली, ती कोर्टाच्या आदेशानं सोडवायची आहे. खातेदार कोण, तर चार पैसे घेऊन खातं वापरायला दिलेला मजूर.

पोलिस ठाण्यात एक अवघड प्रश्नही आला: पौंडांच्या बदल्यात अनोळखी खात्यावर रुपये का टाकले? परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत बँक किंवा संस्थेमार्फतच करायचा, असं फेमा कायदा सांगतो. आमचा सीए चुलतभाऊ हे ऐकून डोक्याला हात लावून बसला. माझ्या मते याच भीतीपोटी निम्मी घरं तक्रारच करत नाहीत, आणि चोराला ते पक्कं ठाऊक असतं. तरीही तक्रार करा. ती नसती तर विद्यापीठापुढे माझ्याकडे दाखवायला काय होतं? टीसीएसबद्दलही त्याच भावानं सांगितलं की ते पैसे बुडत नाहीत, आपल्या नावाच्या आयकर नोंदीत दिसतात आणि आयकरात वळते होतात किंवा परतावा मिळतो. त्या माणसानं टीसीएसचा बाऊ केला होता तो निव्वळ घाई लावायला.

मुदतीचंही तसंच. आमच्याच वर्गातल्या दोघांचं लोन अडकलं होतं. त्यांनी फायनान्स ऑफिसला लोन मंजुरीचं सँक्शन लेटर दाखवलं आणि त्यांना वाढीव मुदत मिळाली. शुक्रवार हा दगडावरची रेघ नव्हता. तुमचा ईमेल कितीही कडक भाषेत असला तरी आधी जाऊन विचारा. आणि फी कुणीही, अगदी सख्ख्या मामानं भरली, तरी कार्डावरचं नाव तुम्हाला माहीत असलेल्या माणसाचं आहे का एवढं बघा. एका फीसाठी चार कार्डं दिसली तर त्याच दिवशी विद्यापीठाला कळवा, रुपये पाठवण्याआधी.

याच टोळीचं दुसरं टोक नंतर कळलं. नागपूरची एक मुलगी, तिचं इथलं बँक खातं नुकतंच उघडलेलं. तिला सांगितलं गेलं की तुझ्या खात्यात काही पौंड येतील, ते पुढे पाठव, ५० पौंड तुझे. तिनं नकार दिला, सुदैव तिचं. याला मनी म्यूल म्हणतात, आणि ब्रिटनमध्ये त्यासाठी १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिक्षा नाही झाली तरी सिफासच्या, म्हणजे बँका बघतात त्या फसवणुकीच्या यादीच्या, नोंदीत नाव सहा वर्षं राहू शकतं. मग ना खातं, ना मोबाईलचं कॉन्ट्रॅक्ट. होम ऑफिसच्या नावानं दंड मागणारे फोन आणि न बघता घेतलेल्या खोल्या, हे ओरिएंटेशनच्या व्याख्यानात सांगतात. फी परस्पर भरून देणारा मात्र आमच्या व्याख्यानात नव्हता.

जानेवारीच्या बॅचचा नवा ग्रुप झाला तेव्हा कुणीतरी मलाही त्यात घातलं. तिथं तोच मजकूर दिसला, हिंजवडीच्या फ्लॅटसकट, नाव दुसरं, भाव १०५. मी खाली चारही पावत्यांचे आणि चार्जबॅकच्या ईमेलचे फोटो टाकले. ॲडमिननं मला काढून टाकलं, त्याला नाही. म्हणून आता हे इथं लिहिते आहे.