वाळवीसाठी लवंगेचं तेल, वाळ्याचं की संत्र्याचं?

भिंतीवर मातीची नळी दिसली तर स्क्रूड्रायव्हरने तिचा इंचभर तुकडा पाडा. आत पांढुरके किडे पळापळ करताना दिसले आणि दुसऱ्या दिवशी ती फट ओल्या मातीने लिंपलेली असली, तर वाळवी जमिनीतून येतेय. पण मातीचा मागमूस नसताना चौकटीखाली खसखशीसारखे बारीक दाणे साचत असतील, तर ती सुक्या लाकडातली वाळवी. कुठलं तेल घ्यायचं हे ठरवण्याआधी एवढं बघाच.

मारण्याची ताकद बघितली तर लवंग पुढे. तिच्यातलं युजेनॉल अंगाला लागलं किंवा कोंडलेल्या जागेत त्याची वाफ मिळाली तरी वाळवी मरते. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००१ साली आठ सुगंधी तेलं फोर्मोसन जातीच्या वाळवीवर तपासली, त्यात सर्वांत घातक लवंगेचं ठरलं. आपल्याकडच्या जाती वेगळ्या आहेत आणि ती तपासणी प्रयोगशाळेतली होती, हे मात्र लक्षात ठेवा. शिवाय लवंगेचा वास उडाला की जोरही गेला. काही आठवड्यांनी पुन्हा लावायची तयारी हवी.

त्याच तपासणीत वाळवीला दूर ठेवण्यात वाळा सरस ठरला. वाळ्याचं तेल जड, हळू उडणारं, म्हणून टिकतं जास्त. आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये वाळ्याच्या काड्या असायच्या. वर्षानंतर ट्रंक उघडली तरी तो मातकट थंड वास यायचा. पुस्तकांच्या कपाटाला आतून लावायला मी हेच निवडेन. दोष एकच, खरं वाळ्याचं तेल महाग आणि भेसळ भरपूर.

संत्र्याच्या सालीचं तेल म्हणजे मुख्यतः लिमोनिन. कॅलिफोर्नियात सुक्या लाकडातल्या वाळवीसाठी लाकडाला भोकं पाडून ते आत सोडतात. जिथे पोहोचतं तिथली वाळवी मरते, शेजारच्या पोकळीतली जगते. ते पेट घेतं आणि पॉलिशही उतरवतं, तेव्हा आधी फर्निचरच्या मागच्या बाजूला थेंबभर लावून बघा.

कडुनिंबाचं तेल स्वस्त. पण परिणाम संथ आणि वास दिवसेंदिवस जात नाही. अंगणातल्या लाकडी कुंपणाला ठीक.

आता पेस्ट कंट्रोलशी तुलना. जमिनीतल्या वाळवीची राणी वारुळात खोल बसलेली असते. तुमचं तेल चौकटीवर, ती मातीत. तेलाने ही वाट बंद झाली की कामकरी किडे दुसरी शोधतात, आणि आपल्याला वाटतं गेली! पेस्ट कंट्रोलवाले भिंतीच्या कडेने साधारण फुटाफुटावर भोकं पाडून इमिडाक्लोप्रिडसारखं औषध जमिनीत सोडतात. त्याचा वाळवीला वास येत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगावरून इतरांनाही देते. हे काम आजवर मला माहीत असलेलं कुठलंच सुगंधी तेल करत नाही. तळमजल्याच्या घरात नळ्या दिसत असतील तर तेलावर पावसाळा घालवू नका, तेवढ्यात चौकट आतून पोकळ होते.

एखादी खुर्ची, देव्हारा, फोटोची चौकट एवढ्यापुरतीच सुक्या लाकडातली वाळवी असेल तर मात्र तेल जरूर वापरा. इंजेक्शनच्या सिरिंजने लवंगेचं तेल भोकात सोडा, भोक मेणाने बुजवा, हातात मोजे घाला. नुसतं तेल कातडीला झोंबतं. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर यकृताला धोका असतो. घरात मांजर असेल तर सगळं आटोपून वास जाईपर्यंत तिला त्या खोलीत सोडू नका.